मुंबईची जहाजे आणि नूटकाची कातडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून व्हँकुव्हर नावाचे मोठे बेट आहे. नकाशात या बेटाचे वायव्येकडचे टोक पाहिले तर तिथे ‘केप स्कॉट’ असे नाव दिसते. वारा, पाऊस, धुके आणि खवळलेला समुद्र यांचे हे ठिकाण. आज तिथे दीपगृह आहे आणि आसपास राखीव जंगल. आता हा स्कॉट कोण? कुणी दर्यावर्दी, संशोधक किंवा धर्मोपदेशक असेल असे आपल्याला वाटेल. पण तसे नाही. डेव्हिड स्कॉट हा मुंबईच्या कोटातला एक व्यापारी होता. त्याने हे टोक कधी पाहिलेही नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याचे नाव उत्तर पॅसिफिकमधल्या त्या खडकावर कसे गेले, ही हकिगत समजून घ्यायची असेल तर दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या काही रोजनिशा उघडाव्या लागतात.

काळ आहे १७८५ सालचा. सालबाईचा तह होऊन तीन वर्षे झाली होती. पुण्यात सवाई माधवरावांच्या नावाने नाना फडणीस कारभार पाहत होते. मुंबई हे तेव्हा कंपनी सरकारचे एक मध्यम महत्त्वाचे ठाणे होते, पण इथले व्यापारी चीनकडे डोळे लावून बसलेले. कापूस चीनला पाठवायचा आणि तिथून माल व पैसा आणायचा, हा व्यवहार चांगला जमला होता. चीनला विकता येईल असा आणखी कोणता माल मिळेल, याचा शोध प्रत्येक जण घेत होता. असा माल सापडला होता, आणि तो एका दर्यावर्दीच्या प्रवासवर्णनात सापडला होता.

तो दर्यावर्दी म्हणजे कॅप्टन जेम्स कुक. आपल्या तिसऱ्या आणि शेवटच्या सफरीत कुक १७७८ च्या मार्चअखेरीस व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील नूटका नावाच्या खाडीत शिरला. सुमारे महिनाभर त्याची दोन जहाजे तिथे नांगरून होती. तिथले लोक मोवाचाट. त्यांचे मुख्य गाव युक्वॉट. हे लोक होड्यांतून आले आणि लगेच देवघेवीला बसले. त्यांना लोखंड हवे होते, तांबे-पितळ हवे होते. बदल्यात ते कातडी देत होते आणि त्यांत सागरी पाणमांजराची कातडी सर्वांत मऊ होती. या प्राण्याच्या अंगावर एका चौरस सेंटिमीटरला लाखाहून अधिक केस असतात. इतकी दाट लव दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला नाही. खलाशांनी किरकोळ वस्तू देऊन ती घेतली, थंडीत अंगावर घातली, अंथरुणाला वापरली. तिची किंमत त्यांना ठाऊक नव्हती.

पुढे कुक हवाई बेटांवर १४ फेब्रुवारी १७७९ रोजी मारला गेला. जहाजे परतीच्या वाटेवर चीनच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा त्या मळक्या, वापरलेल्या कातड्यांवर कँटनच्या व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. लेफ्टनंट जेम्स किंगने लिहून ठेवले आहे की एका खलाशाने आपल्याजवळची कातडी आठशे डॉलरला विकली आणि चांगल्या राखलेल्या काही कातड्यांना नगाला एकशेवीस डॉलर मिळाले. हे डॉलर म्हणजे त्या काळी चीनच्या व्यापारात चालणारे चांदीचे स्पॅनिश डॉलर. खलाशी इतके खुळावले की परत नूटकाला चला म्हणून बंडाची भाषा करू लागले.

आता इथे रोजनिशीचे महत्त्व लक्षात घ्या. ब्रिटिश नौदलाचा दंडक असा होता की सफर संपत आली की सर्वांच्या वह्या, नोंदी, टिपणे जमा करायची. अधिकृत वृत्तांत छापून होईपर्यंत कुणी काही छापायचे नाही. तरीही दोन-चार जणांनी आधीच पुस्तके काढली. जॉन लेडयार्ड या अमेरिकन माणसाचे पुस्तक १७८३ मध्ये अमेरिकेत निघाले. अधिकृत वृत्तांत १७८४ मध्ये तीन खंडांत लंडनला प्रसिद्ध झाला आणि पहिली आवृत्ती तीन दिवसांत खपली. त्यातले किंगचे आकडे युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थानातल्या व्यापाऱ्यांनी वाचले. ज्ञानासाठी लिहिलेली वही व्यापाऱ्यांच्या हाती भावपत्रक होऊन पडली.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. कुकच्या आधी चार वर्षे, १७७४ मध्ये, हुआन पेरेस हा स्पॅनिश दर्यावर्दी नूटकाच्या तोंडाशी येऊन गेला होता. कुकला तिथल्या एका माणसाकडे चांदीचे दोन चमचे मिळाले, ते बहुधा याच स्पॅनिश जहाजावरचे असावेत असे मानतात. पण स्पेनने आपल्या दर्यावर्दींच्या नोंदी दप्तरात कुलूपबंद ठेवल्या. परिणाम असा झाला की आधी येऊनही जगाच्या दृष्टीने स्पेन मागे पडला. ज्याची रोजनिशी छापली जाते त्याचा हक्क लोक मानू लागतात, हा धडा त्या काळाने दिला.

छापील आकडे वाचून पहिला धावला जेम्स हॅना. १७८५ मध्ये मकाव बंदरातून साठ टनांचे एक लहानसे जहाज घेऊन तो नूटकाला गेला आणि तिथून आणलेला माल त्याने वीस हजार सहाशे डॉलरला विकला. त्याच वर्षअखेरीस मुंबईहून जी मोहीम निघाली, तिच्या लोकांना या विक्रीची काहीच कल्पना नव्हती.

मुंबईच्या मोहिमेचा सूत्रधार होता जेम्स स्ट्रेंज. हा कंपनीच्या मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी. रजेवर विलायतेत असताना त्याने कुकचा वृत्तांत वाचला आणि तो विचार त्याच्या डोक्यातून जाईना. मुंबईला येऊन त्याने डेव्हिड स्कॉटला ही योजना सांगितली. स्कॉटने भांडवल उभे केले, स्ट्रेंजनेही आपला पैसा घातला. दोन जहाजे घेतली. एकाचे नाव ठेवले ‘कॅप्टन कुक’, ते तीनशे टनांचे. दुसरे ‘एक्सपेरिमेंट’, ते शंभर टनांचे. कप्तान होते हेन्री लॉरी आणि हेन्री गाइज. दोन्ही जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. मुंबई लष्करातले काही सैनिक बरोबर दिले आणि त्यांच्यावर अलेक्झांडर वॉकर नावाचा एकवीस-बावीस वर्षांचा अधिकारी नेमला. नूटकाला कायमचे ठाणे करायचे आणि तिथे वॉकरने शिबंदी घेऊन राहायचे, असा बेत होता. ८ डिसेंबर १७८५ रोजी जहाजांनी मुंबई सोडली.

प्रवास सुखाचा झाला नाही. मलबार किनारा, बटाव्हिया असे करत जहाजे पुढे गेली. वाटेत ‘एक्सपेरिमेंट’ प्रवाळाच्या खडकाला लागले. ताजी भाजी-फळे नसल्याने लोकांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजणे, दात हलणे, पाय काळेनिळे पडणे, अशा अवस्थेत १७८६ च्या जूनअखेरीस त्यांना अमेरिकेचा किनारा दिसला. नूटकात उतरल्यावर पहिले काम होते आजाऱ्यांना बरे करायचे, व्यापार त्यानंतर.

व्यापारातही वेगळाच अनुभव आला. समोर बसलेली माणसे भाबडी नव्हती. माक्विना हा तिथला प्रमुख सरदार. कुकच्या वेळीच या लोकांनी जहाजावर घेतलेल्या लाकडाचे आणि पाण्याचे मोल मागितले होते. जहाजावरच्या जनावरांसाठी गवत कापले तर त्याच्यावरही मालक उभे राहिले, आणि प्रत्येकाला काही ना काही देता देता आपला खिसा रिकामा झाला, असे कुकने नोंदवले आहे. आपल्या जमिनीतले गवतसुद्धा आपले आहे, ही जाणीव इतकी पक्की असलेले लोक आपण दुसरीकडे पाहिले नाहीत, असे तो म्हणतो. माक्विनाच्या लोकांना भाव करता येत होता, थांबता येत होता, माल मागे ठेवता येत होता. काचेचे मणी देऊन कातडी लुटून आणली, असे चित्र पुष्कळदा रंगवले जाते. रोजनिशा नीट वाचल्या तर हे चित्र फार अपुरे वाटते.

नूटकातून निघाल्यावर स्ट्रेंज उत्तरेकडे वळला. बेटाच्या टोकाला या मोहिमेने स्कॉटचे नाव दिले, पलीकडच्या सामुद्रधुनीला राणी शार्लटचे. पुढे अलास्काच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पाहिले, तर तिथे कलकत्त्याहून निघालेले दुसरे इंग्रजी जहाज हजर! म्हणजे कुकचे पुस्तक मुंबईप्रमाणे कलकत्त्यातही वाचले गेले होते. १७८६ च्या अखेरीस मुंबईची दोन्ही जहाजे वेगवेगळ्या वाटांनी चीनला पोचली.

हिशेब काय झाला? जॉर्ज डिक्सन या कप्तानाने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्या काळच्या विक्रीचे आकडे दिले आहेत. स्ट्रेंजच्या मोहिमेने आणली सहाशे चार कातडी आणि त्यांचे आले चोवीस हजार डॉलर. म्हणजे नगाला साधारण चाळीस. हॅनाने एका साठ टनी जहाजावर जवळपास तेवढेच मिळवले होते. इथे चारशे टनांची दोन जहाजे, वर्षभराचा खर्च आणि सैनिकांचा भार होता. मोहीम बुडीत गेली. त्यानंतर डिक्सन आणि त्याचा सहकारी पोर्टलॉक यांनी दोन हजार पाचशे बावन्न कातडी आणली, त्यांना मिळाले चोपन्न हजार आठशे सत्तावन्न डॉलर. म्हणजे नगाला साडेएकवीसच्या आसपास. माल वाढला आणि भाव उतरला. किंगने लिहिलेला एकशेवीसचा आकडा हा काही निवडक, उत्तम कातड्यांचा होता. लोकांनी तो सरसकट सर्व कातड्यांचा धरला, आणि पुस्तकातल्या एका आकड्यावर विसंबून घरातला पैसा समुद्रात घातला.

या मोहिमेतला सर्वांत विलक्षण माणूस मात्र स्कॉटही नाही आणि स्ट्रेंजही नाही. जॉन मॅके हा जहाजावरच्या डॉक्टरचा मदतनीस. शिबंदी ठेवायचा बेत स्ट्रेंजने रद्द केला आणि आजारी असलेल्या मॅकेला एकट्याला नूटकात ठेवले. माक्विनाच्या मुलाचा त्वचारोग त्याने बरा केला होता, म्हणून त्याला आसरा मिळेल असा भरवसा होता. त्याच्याजवळ बंदूक, बियाणे आणि शेळ्यांची एक जोडी ठेवली. शिवाय कागद, शाई आणि सूचनांची लांबलचक यादी. लोक काय खातात, काय बोलतात, कसे राहतात, रोजचे रोज लिहून ठेव. पुढच्या वर्षी आम्ही येतो, असे त्याला सांगितले.

स्ट्रेंज पुन्हा कधी गेला नाही. थोड्याच दिवसांनी हॅनाचे जहाज आले आणि त्याने मॅकेला चल म्हटले, पण मॅके राहिला. नंतर त्याचे दिवस फिरले. माक्विनाच्या तान्ह्या मुलाचा पाळणा त्याने ओलांडला. तिथल्या समजुतीप्रमाणे ही फार मोठी आगळीक होती. त्याला घराबाहेर काढले गेले, हिवाळ्यात त्याचे हाल झाले. आणि त्याची वही? ती फाडून टाकली गेली. म्हणजे या किनाऱ्यावर वर्षभर राहिलेल्या पहिल्या युरोपीय माणसाची रोजनिशी आज जगात नाही. १७८७ च्या जूनमध्ये ‘इम्पीरियल ईगल’ नावाच्या जहाजाने त्याला उचलले. पुढे १७८८ मध्ये वॉकरची आणि त्याची हिंदुस्थानात पुन्हा गाठ पडली, आणि त्याच्याकडून जे कळले ते वॉकरने टिपून घेतले. मॅकेच्या वर्षभराचा मागमूस आपल्याला मिळतो तो असा, दुसऱ्याच्या वहीतून.

हा वॉकर पुढे आपल्याकडच्या इतिहासात मोठा झाला. बडोद्याचा रेसिडेंट म्हणून गायकवाडांच्या दरबारात त्याचे वजन होते. काठियावाडातल्या खंडणीचा १८०७ चा ‘वॉकर करार’ त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि तिथली मुली मारण्याची चाल बंद पाडण्यासाठी त्याने खटपट केली. शेवटी तो सेंट हेलेना बेटाचा गव्हर्नर झाला. तरुणपणीच्या सफरीचा वृत्तांत त्याने पुढे नीट लिहून काढला, पण तो हस्तलिखितच राहिला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या त्याच्या कागदांमधून तो छापून बाहेर आला १९८२ मध्ये. स्ट्रेंजची रोजनिशी मद्रासच्या गव्हर्नरला सादर झाली होती. ती मद्रासच्या सरकारी छापखान्यात छापली गेली १९२८ मध्ये, ए. व्ही. वेंकटराम अय्यर यांच्या प्रस्तावनेसह. कॅनडाच्या इतिहासाचे एक मूळ साधन मद्रासच्या दप्तरखान्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडून होते!

एकाच सफरीच्या या दोन हकिगती शेजारी ठेवून वाचल्या की मजा येते. स्ट्रेंज व्यापाऱ्याच्या नजरेने पाहतो. वॉकरला घाई नाही. तो शब्द गोळा करतो, माणसे न्याहाळतो. डोळे चार असले की गोष्ट अधिक खरी दिसू लागते.

पण डोळ्यांनाही आधीच कुणीतरी चष्मा चढवलेला असू शकतो. कुक तर मेला होता. त्याची वही छपाईसाठी तयार केली डॉ. जॉन डग्लस या धर्मगुरूने. भाषा सुधारता सुधारता त्याने मजकुरातही भर घातली. नूटकाच्या लोकांनी कवट्या आणि मानवी हात विकायला आणले होते. कुकने याविषयी जे सावधपणे लिहिले, ते छापील पुस्तकात अधिक ठाम आणि अधिक भयानक झाले. हे पुस्तक वाचूनच स्ट्रेंज निघाला होता. त्याच्या रोजनिशीतही मानवी हाताचा प्रसंग येतो आणि हे लोक नरभक्षक असल्याची त्याची खात्री पटलेली दिसते. आजचे अभ्यासक हा आरोप पुराव्यावर टिकणारा मानत नाहीत. कुकच्या मूळ वह्या जे. सी. बीगलहोल यांनी संपादित करून बाहेर आणल्या. तिसऱ्या सफरीची वही १९६७ मध्ये आली. एका संपादकाने घातलेली भर निघायला एकशे त्र्याऐंशी वर्षे गेली. विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’ची मूळ प्रत १९६६ मध्ये छापली गेली, तेव्हा आधीच्या १९०७ च्या आवृत्तीत किती फेरफार होते ते आपल्यालाही कळलेच की!

वही हरवते, बदलते, तशी ती पळवलीही जाते. मॅकेला उचलणाऱ्या जहाजाचा कप्तान चार्ल्स बार्कली. त्याच्याबरोबर त्याची नवपरिणीत पत्नी फ्रान्सिस होती, लग्नाच्या वेळी सतरा वर्षांची. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर आलेली ही पहिली युरोपीय स्त्री समजली जाते. तिची मूळ रोजनिशी आज उपलब्ध नाही. मात्र १८३६ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी तिने लिहिलेल्या आठवणी आहेत. त्यांत ती स्पष्ट म्हणते की आपल्या नवऱ्याची रोजनिशी आणि नकाशे जॉन मिअर्सने मिळवले आणि त्याने लावलेल्या शोधांचे श्रेय स्वतःकडे घेतले. हा मिअर्स म्हणजे कलकत्त्याहून निघालेला दुसरा व्यापारी. त्याचे पुस्तक १७९० मध्ये गाजत होते. त्यातल्या थापांवर डिक्सनने त्याच वर्षी पत्रक काढून टीका केली.  १७८९ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्याने नूटकात मिअर्सची जहाजे पकडली होती, त्याची तक्रार पार्लमेंटपुढे आली आणि इंग्लंड-स्पेन युद्धाच्या उंबरठ्यावर आले. शेवटी तह झाला आणि स्पेनने दोन लाख दहा हजार डॉलर भरपाई दिली.

या साऱ्या भांडणात माक्विनाच्या लोकांना कुणी विचारले नाही. त्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचते ते आणखी एका वहीतून. १८०३ च्या मार्चमध्ये ‘बॉस्टन’ नावाचे जहाज नूटकाला आले. एका मोडक्या बंदुकीवरून कप्तानाने माक्विनाचा अपमान केला. काही दिवसांनी जहाजावर हल्ला झाला आणि सत्तावीसपैकी पंचवीस जण मारले गेले. वाचलेल्यांपैकी जॉन ज्युइट हा लोहार होता. कामाचा माणूस म्हणून माक्विनाने त्याला ठेवून घेतले. फळांच्या रसात कोळशाची पूड उकळून त्याने शाई केली आणि दोन वर्षे रोजनिशी लिहिली. तिच्यात आज मासे मिळाले, आज उपास, आज पाऊस अशा कोरड्या नोंदी आहेत. ती १८०७ मध्ये छापली गेली. १८१५ मध्ये दुसऱ्या लेखकाच्या मदतीने तिचे रसाळ पुस्तक झाले, ते खूप खपले. त्यात माक्विना आधीच्या जहाजांचा हिशेब सांगतो: कुणी चोरी केली, कुणी माणसे मारली. बॉस्टनवरचा हल्ला म्हणजे अचानक उसळलेले रानटीपण नव्हते. अठरा वर्षांची थकबाकी वसूल झाली होती, आणि ती भलत्यांकडून वसूल झाली, हे त्यातले दुःख.

पाणमांजरांना तर वहीच नाही. त्यांची गोष्ट आकड्यांतच सांगावी लागते. व्यापार सुरू होण्यापूर्वी उत्तर पॅसिफिकमध्ये ती दीड ते तीन लाख असावीत असा अंदाज आहे. १९११ मध्ये चार देशांनी करार करून शिकार थांबवली, तेव्हा हजार-दोन हजार उरली होती. व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावरून ती पार नाहीशी झाली. १९६९ ते १९७२ या काळात अलास्काहून एकोणनव्वद पाणमांजरे आणून सोडली, त्यांची प्रजा आता तिथे पुन्हा वाढली आहे.

तेव्हा या रोजनिशा वाचायच्या कशा? ज्याने लिहिले त्याचे पोट कशावर आहे, हे आधी पाहावे. कितव्या वर्षी लिहिले आणि कुणी छापले, हे पाहावे. त्या काळी जहाजाचा दिवस दुपारी बाराला बदलत असे, त्यामुळे दोन वह्यांतल्या तारखाही एका दिवसाने पुढेमागे होतात. त्यावरून लगेच कुणाला खोटे ठरवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, वहीत कोण नाही हे पाहावे. मिअर्सने १७८८ मध्ये नूटकाला नेलेल्या चिनी कारागिरांचे शब्द आपल्याकडे नाहीत. मुंबईच्या जहाजांवरच्या साध्या खलाशांचेही नाहीत. हिरड्यांतून रक्त येत असताना शिडे ओढणाऱ्या त्या माणसांनी नूटकाचा हिरवा किनारा पाहून काय म्हटले असेल, ते कळायला मार्ग नाही. ज्याने घरबसल्या पैसे घातले त्याचे नाव मात्र नकाशावर आहे.